गॅस गेला कुठे?

मे महिन्याचा दुसरा आठवडा. जालना मागे पडलं, देऊळगाव राजाही गेलं आणि गाडीच्या जाळीतून येणारा गार वारा हळूहळू कोमट झाला. आधी वाटलं, बाहेरचं ऊनच तसं आहे. पाच-दहा मिनिटांत तो सरळ गरमच यायला लागला. मागच्या सीटवर ऐंशी ओलांडलेली आई होती. अकोल्याला मावसबहिणीच्या मुलीचं लग्न, म्हणून हट्टाने निघालेली. काचा खाली केल्या तर भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ आत आली. आईने पदर पाण्यात भिजवून डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "आम्ही बैलगाडीतनं जायचो, तेव्हा कुठं होता तुमचा एसी?" पण तासाभरात ती बोलायची थांबली. सतत बोलणाऱ्या माणसाचं ते गप्प होणं मला अजून आठवतं.

रस्त्यावरच्या एका गॅरेजात गाडी घातली. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, एका पाइपावरची टोपी काढून पिन दाबली, फुस्स असा अगदी बारीक आवाज आला. "गॅस संपलाय," तो म्हणाला. पंधरा मिनिटांत गॅस भरून झाला, पैसे दिले, वारा गार झाला. आईने डोळे उघडून "सुटलो बाई" म्हटलं. त्या क्षणी तो मिस्त्री मला देवासारखा वाटला. मार्चमध्ये पुण्यातही असाच गॅस भरला होता आणि त्याच्या आदल्या उन्हाळ्यातही, हे मला तेव्हा आठवलं नाही. आठवलं असतं तरी विचारलं नसतं. गाडीचं पेट्रोल संपतं, घरातला सिलिंडर संपतो, तसा एसीचा गॅसही संपत असणार, असंच आपण धरून चाललेलो असतो.

लग्नात न्यू जर्सीहून आलेला पुतण्या भेटला. वाटेतली हकीकत ऐकून म्हणाला, "काका, एवढ्यासाठी गॅरेजला कशाला जायचं? आमच्याकडे दुकानात गॅसचा डबा मिळतो, नळी आणि मीटरसकट. मी दर दोन वर्षांनी घराच्या अंगणातच भरतो." त्याचं खरं होतं. अमेरिकेत मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात, इंजिन ऑइलच्या शेजारच्या फळीवर, असे डबे राजरोस विकले जातात. मजुरी महाग असलेल्या त्या देशात गॅरेजचे शेकडो डॉलर वाचवण्याचा हा सर्वमान्य मार्ग आहे. आपल्याकडे मजुरी तेवढी महाग नाही. पण डबा आता आपल्याकडेही घरपोच येतो.

तो परत जाण्यापूर्वी एका रविवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा प्रयोग झाला. एसी पुन्हा मंदावलाच होता. साडेचारशे ग्रॅमचा डबा, नळी, हिरवा-पिवळा-लाल पट्टा असलेलं मीटर. इंजिन चालू, एसी पूर्ण, पंखा पूर्ण. जाड पाइपावरच्या तोंडाला नळी बसवली, डबा उघडला. भोवती सल्ला देणारे सात-आठ जण. सुई हिरव्या पट्ट्यात आली. वारा हवा तेवढा गार नव्हता, म्हणून आणखी थोडा सोडला. मग डब्यात उरलाच आहे तर वाया कशाला घालवा, म्हणून सगळाच सोडला. आपल्या घरातल्या काटकसरीची ही रीत इथे नको तिथे कामी आली. संध्याकाळी कात्रजचा घाट चढताना कॉम्प्रेसर टक्-टक् करत चालू-बंद व्हायला लागला आणि वारा पुन्हा कोमट.

दुसऱ्या दिवशी मी एका वयस्कर कारागिराकडे गेलो. चाळीस वर्षं तो फक्त गाड्यांच्या एसीचंच काम करतो. त्याने विचारलं, "साहेब, किती भरला?" म्हटलं, "सुई हिरव्यात येईपर्यंत." तो हसला. "घरचा सिलिंडर किती भरलेला आहे, हे तुम्ही सुई बघून सांगता का?" आणि लगेच दुसरा प्रश्न टाकला, जो मला तीन वेळा गॅस भरूनही सुचला नव्हता: "ते राहू द्या. आधीचा गॅस गेला कुठे?"

माठ आणि मोटार

त्याच्या या दोन प्रश्नांत सगळा विषय येतो. दुसऱ्याचं उत्तर आधी पाहू.

माठातलं पाणी गार का होतं, हे आपण शाळेत शिकलो आहोत. माठ पाझरतो, बाहेरच्या ओलाव्याची वाफ होते आणि वाफ होताना ती माठातली उष्णता घेऊन जाते. गाडीचा एसी नेमकं हेच करतो. फरक एवढाच की इथे पाण्याऐवजी असा द्रव असतो, जो मोकळ्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असलेल्या या गॅसचं नाव आर-१३४ए. डॅशबोर्डच्या मागे एक जाळीदार कॉइल असते. तिच्यात हा द्रव उकळतो, त्यासाठी लागणारी उष्णता गाडीतल्या हवेतून ओढतो आणि हवा गार होते. इथपर्यंत माठच.

पण माठातून गेलेली वाफ परत येत नाही, म्हणून माठ रोज भरावा लागतो. गाडीत ती वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो, दाबून तापवतो आणि रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये पाठवतो. तिथे बाहेरची हवा लागून तिचा पुन्हा द्रव होतो आणि तो परत कॉइलकडे निघतो. तोच गॅस, त्याच नळ्यांतून, वर्षानुवर्षं. पेट्रोल जळतं, सिलिंडरमधला गॅस जळतो. एसीचा गॅस जळत नाही, झिजत नाही, जुनाही होत नाही. म्हणजे तो "संपला" असेल, तर तो गळला आहे. दुसरा अर्थच नाही.

थोडी गळती अगदी नव्या गाडीतही असते. रबरी नळ्यांच्या भिंतींतून आणि कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतीच्या सीलमधून तो अणुरेणूंनी झिरपतो. युरोपीय संघाने २००६ मध्ये याची मर्यादा घालून दिली: एका कॉइलच्या गाडीतून वर्षाला ४० ग्रॅमपेक्षा जास्त गळता कामा नये. आता साधा हिशेब करा. लहान गाडीत साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम गॅस असतो. मर्यादेइतका गळला, तरी तो निम्म्यावर यायला पाच-सहा वर्षं लागतील. ज्या गाडीत दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो, तिला गॅस नको आहे, तपासणी हवी आहे. छत गळत असताना आपण खाली बादली ठेवतो. पण बादली बदलणं म्हणजे छताची दुरुस्ती, असं कोणी म्हणत नाही.

आमच्या गाडीची गळती त्या कारागिराने दहा मिनिटांत दाखवली. कंडेन्सरच्या खालच्या जोडावर धूळ बसून काळा तेलकट डाग पडला होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. गॅस गळतो तिथे तेलही बाहेर येतं आणि त्याला धूळ चिकटते. त्याने साबणाचा फेस लावला, बारीक बुडबुडे आले. आत करंगळीएवढी एक रबरी रिंग कडक होऊन चिरली होती. त्या रिंगेची किंमत एका चहाएवढी. तिच्यासाठी आम्ही तीनदा गॅसचे पैसे मोजले होते आणि एक डबा वर.

सुई काय सांगत नाही

आता पहिला प्रश्न. घरचा सिलिंडर भरलेला असो की पाव उरलेला, शेगडीची आच सारखीच असते. शेवटच्या दिवशीच ती मंदावते. कारण आत जोवर द्रव शिल्लक आहे, तोवर वरच्या वाफेचा दाब किती द्रव आहे यावर ठरत नाही, तपमानावर ठरतो. म्हणून तर सिलिंडर आणणारा माणूस काट्यावर वजन करून दाखवतो. एसीच्या गॅसचंही तसंच आहे. गाडी बंद असताना ३० अंशांना मीटर जवळजवळ शंभर पौंडांचा दाब दाखवील, मग आत दोनशे ग्रॅम असोत की सहाशे. गाडी चालू असताना सुई हलते खरी. पण ती बाहेरचं ऊन, इंजिनचा वेग, पंख्याचा जोर, कंडेन्सरवरची धूळ या सगळ्यांवर हलते. कंडेन्सरचा पंखा बंद पडला असेल, तरी वारा गरम येतो. त्यात गॅस ओतला तर आजार एक आणि औषध भलतंच.

बॉनेटच्या आत एक छोटं लेबल असतं. त्यावर गॅसचं नाव आणि वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. आमच्या गाडीवर ४२० ग्रॅम होतं. कारागिराने मशीन लावून आतला सगळा गॅस ओढून घेतला, तर भरला साडेसहाशेच्या जवळपास. दीडपट! जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा, हा समज इथे उलटा पडतो. जादा द्रव कंडेन्सरमध्ये साचतो, उष्णता बाहेर टाकायला जागा उरत नाही, दाब वाढतो आणि शेवटी दाबाचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. घाटात टक्-टक् होत होतं ते हेच. स्विच नसता, तर कॉम्प्रेसरच गेला असता.

नीट काम कसं होतं, ते मग मी स्टुलावर बसून पाहिलं. आतला गॅस बाहेर न सोडता मशीनमध्ये घ्यायचा. गळकी रिंग बदलायची. मग व्हॅक्यूम पंप लावून सगळी हवा ओढून काढायची. पोकळी इतकी खोल होते, की नळ्यांतला पाण्याचा अंशही साध्या तपमानाला उकळून निघून जातो. अर्धा तास पंप, मग पंप बंद करून सुई जागची हलते का ते पाहायचं. हलली नाही, म्हणजे गळती बुजली. मग काट्यावर मोजून ४२० ग्रॅम. एवढ्याला दीड-दोन तास गेले. पंधरा मिनिटांत गॅस भरून मिळतो, तेव्हा यातलं काय काय गाळलेलं असतं, हे आपोआप कळतं.

घरच्या डब्याने नेमका हा मधला भाग करता येत नाही. नळीतली हवा न काढता डबा जोडला, तर ती हवा आणि तिच्यातला ओलावा आत जातो. ओलावा तेलात मिसळतो, हळूहळू आम्ल बनतं आणि आतला धातू खाऊ लागतो. काही डब्यांत "गळती आपोआप बुजवणारं" रसायन असतं. ते कधी नको तिथेच गोठतं, बारीक व्हॉल्व्ह बंद करतं आणि गॅरेजच्या मशीनमध्ये गेलं, तर तेही बिघडवतं. द्रव बोटावर उडाला, तर कातडी क्षणात गोठते. डोळ्यात गेला तर काय होईल, ते सांगायला नको. नळी युक्तीने जास्त दाबाच्या बाजूला जोडली, तर तो दाब उलटा डब्यात जाऊन डबा फुटू शकतो. म्हणूनच दोन्ही तोंडांचे आकार वेगळे ठेवलेले असतात. "जुगाड" करायचा मोह इथे तरी आवरावा. आणि हायब्रिड किंवा विजेवरची गाडी असेल, तर डबा हातातही घेऊ नये. तिथला कॉम्प्रेसर बॅटरीच्या भारी व्होल्टेजवर चालतो, त्याचं तेल वेगळं असतं आणि चुकीचं तेल आत गेलं, तर विजेचं आवरणच निकामी होऊ शकतं.

भेसळीचा धोका वेगळाच. २०११ मध्ये आर-१३४एच्या नावाखाली विकलेल्या बनावट गॅसमुळे जहाजांवरच्या शीतकंटेनरांची यंत्रं फुटली आणि कामगारांचे जीव गेले. त्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड मिसळलेलं होतं. आतल्या अॅल्युमिनिअमशी त्याचा संयोग होऊन हवा लागताच पेट घेणारा पदार्थ तयार झाला होता. स्वस्त डब्यावर छापलेलं नाव म्हणजे आतल्या मालाची खात्री नव्हे.

मेणबत्ती विझवणारा शास्त्रज्ञ

गळालेला गॅस जातो कुठे, याचं आणखी एक उत्तर आहे आणि ते डोक्यावर आहे.

१९३० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत थॉमस मिजली नावाच्या शास्त्रज्ञाने एका नव्या वायूचा श्वास छातीत भरून घेतला आणि तो सोडून मेणबत्ती विझवली. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे त्याने एका फुंकरीत दाखवलं. त्यापूर्वी थंड करणाऱ्या यंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले घातक वायू वापरत. हा नवा वायू, आर-१२, पुढे घरोघरच्या फ्रीजमध्ये आणि गाड्यांच्या एसीत गेला. तो इतका टिकाऊ होता, की खालच्या वातावरणात कुठेच नष्ट होत नसे. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी दाखवून दिलं, की हाच टिकाऊपणा घात करतो. वायू वर चढत जातो, तिथल्या अतिनील किरणांनी फुटतो आणि सुटलेला क्लोरिन ओझोन खातो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या थराला पडलेलं खिंडार जगाला कळलं. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. मोलिना, रोलँड आणि क्रुट्झन यांना १९९५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गाड्यांमध्ये आर-१२ जाऊन आर-१३४ए आला तो याच काळात.

हा करार यशस्वी झाला, हे मुद्दाम सांगायला हवं. कारण पर्यावरणाच्या बातम्यांत चांगली बातमी विरळाच. संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार बहुतेक जगावरचा ओझोन २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावरचा २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल.

मात्र आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नसला, तरी पृथ्वी तापवतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर त्याचा एक किलो सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका. आमच्या चिरलेल्या रिंगेतून एकदा सगळा गॅस गेला, म्हणजे ४२० ग्रॅम. तो जवळजवळ सहाशे किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा झाला. एवढा धूर ओकायला सुमारे अडीचशे लिटर पेट्रोल जाळावं लागतं. पुणे-नागपूरच्या जवळपास तीन खेपा गाडी जागेवरून न हलता झाल्या म्हणायच्या! म्हणून २०१६ मध्ये किगालीला या वायूंनाही आवर घालायचं ठरलं. भारताने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली. युरोपातल्या नव्या गाड्यांतून १३४ए २०१७ पासून हद्दपार आहे. अमेरिकेने डबे बंद केले नाहीत, पण २०१८ पासून बनणाऱ्या डब्यांना आपोआप बंद होणारं तोंड सक्तीचं केलं. कॅलिफोर्नियात तर डब्यावर दहा डॉलर अनामत असते; डबा परत आणून द्या आणि पैसे घ्या, आपल्या जुन्या सोड्याच्या बाटलीसारखं.

एसीच नको, असा याचा अर्थ काढू नये. त्या दिवशी आईकडे पाहिल्यावर एसी ही चैन आहे, असं मी तरी म्हणणार नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, तो ड्रायव्हरची चैन व्हावी म्हणून नव्हे.

मग घरी करायचं काय?

पुष्कळ. आणि त्यात गॅसचा डबा कुठेच नाही.

वारा गारच आहे पण जोर कमी आहे, तर ग्लोव्ह बॉक्सच्या मागचं केबिन फिल्टर काढून बघा. अनेक गाड्यांत ते पाच मिनिटांचं काम असतं. आमच्यातून मागच्या वर्षी पिंपळाची पानं आणि उंदराने आणलेला कापूस निघाला. रेडिएटरच्या पुढची कंडेन्सरची जाळी धूळ, किडे, पिसं यांनी बुजते. गाडी थंड असताना बागेच्या नळीने हलक्या धारेने धुवा. प्रेशरची धार नको, पत्रे वाकतात. एसी लावल्यावर पुढचा पंखा फिरतो का, ते कान देऊन ऐका. गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम, असं होत असेल, तर संशय आधी पंख्यावर घ्या. पाइपांच्या जोडांवर तेलकट डाग आहेत का, ते टॉर्चने पाहा. एसी चांगला चालत असताना जाळीत साधा थर्मामीटर अडकवून आकडा वहीत लिहून ठेवा; पुढच्या वर्षी तुलना करायला तोच उपयोगी. हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटं एसी लावा. तेल फिरतं, सील सुकत नाहीत. आणि उन्हात उभी गाडी सुरू केली, की आधी काचा उघडून कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा.

एवढं करूनही वारा गरमच असेल, तर गॅरेजला जा. पण "गॅस भरा" असं सांगू नका. "गळती शोधा" असं सांगा. वजन करून भरणार का, व्हॅक्यूम किती वेळ लावणार, हे दोन प्रश्न विचारा. डॉक्टरकडे जाऊन आपण "सलाईन लावा" म्हणत नाही, काय होतंय ते सांगतो; तसंच.

पुतण्याला फोन करून हे सगळं सांगितलं. क्षणभर थांबून म्हणाला, "काका, म्हणजे माझीही गळतच असणार." म्हटलं, "दर दोन वर्षांनी भरतोस ना? मग बघ शोधून."

यंदाच्या एप्रिलमध्ये पुन्हा अकोल्याला गेलो. रिंग बदलल्यापासून एक ग्रॅमही गॅस भरलेला नाही. देऊळगाव राजा आलं तेव्हा मी नकळत जाळीवर हात धरून पाहिला आणि आरशातून मागे नजर टाकली. आईने शाल अंगभर ओढून घेतली होती. म्हणाली, "अरे, जरा कमी कर तो तुझा एसी. गुडघे धरले माझे."